'कीन' : शब्द गळून गेलेलं रडणं

रडण्यासाठी इंग्रजीत शब्दांना तोटा नाही. मुकाट्याने आसवं गाळायची तर 'वीप', हुंदके द्यायचे तर 'सॉब', पोराने भोकाड पसरलं तर 'बॉल' आणि घरात कुणी गेल्याचं कळून एकच आकांत उसळला तर 'वेल'. यातला 'वेल' उत्तरेकडून, व्हायकिंगांच्या भाषेतून आलेला. 'बॉल' मध्ययुगात कुत्र्याच्या भुंकण्यासाठी वापरला जाई. आइसलँडच्या जुन्या भाषेत त्याच्याशी जुळणारा एक शब्द गाईच्या हंबरण्यासाठी आहे, आणि आपला हंबरडाही हंबरण्यातूनच निघाला आहे. 'क्राय'ची गोष्ट सगळ्यांत रंगतदार. तो फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिन 'क्विरितारे'मधून. व्हारो नावाच्या रोमन पंडिताने त्याची व्युत्पत्ती अशी लावली होती की 'क्विरितेस' म्हणजे रोमचे नागरिक, त्यांच्या नावाने हाका मारून मदत मागणं म्हणजे 'क्विरितारे'. आजचे भाषाशास्त्रज्ञ या व्युत्पत्तीवर फारसा विश्वास ठेवत नाहीत. काहींना त्यात डुकराच्या किंकाळीची नक्कल दिसते. काही असो, 'क्राय' हा शब्द आधी ओरडण्याचा होता. त्याला डोळ्यांतलं पाणी चिकटलं ते सोळाव्या शतकात.

एवढी पुंजी घरात असताना एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीने शेजारच्या आयर्लंडमधून आणखी एक शब्द उचलला : 'कीन'.

'त्याला संगीतात कीन इंटरेस्ट आहे' या वाक्यातला 'कीन' आपल्या ओळखीचा असतो, पण तो वेगळा. तो अस्सल जुन्या इंग्रजीतला, मूळ अर्थ धीट, शूर. जर्मनमधला 'क्यून' हा त्याचा सख्खा भाऊ. धार, तीव्रता, उत्सुकता हे अर्थ त्याला नंतर फुटले. रडण्याचा 'कीन' मात्र आयरिश भाषेतला आहे. तिथे क्रियापद 'कीन', आणि त्याचं नाम दक्षिणेत साधारण 'कीना' तर उत्तरेत 'कीनू' असं ऐकू येतं. विलाप करणं, शोक करणं या अर्थाने हा धातू आयरिशच्या सगळ्यांत जुन्या लिखाणातही सापडतो. आणि योगायोग असा की आयरिशमध्येही हुबेहूब याच अक्षरांचं एक विशेषण आहे, ज्याचा अर्थ मृदू, सौम्य.

जवळ पाच-सहा शब्द असताना सातवा उसना का घ्यावा लागला? कारण आयर्लंडमध्ये गेलेल्या इंग्रजांनी जे ऐकलं त्याला 'वेल' म्हणून भागेना. कीन म्हणजे मोठ्याने रडणं खरं, पण ते रचलेलं रडणं होतं. मृताला उद्देशून, त्याच्या उशाशी बसून, जागच्या जागी जुळवलेलं आणि सुरात म्हटलेलं काव्य. त्याला ठरलेला घाट होता, ते पेलणाऱ्या बायका होत्या आणि त्यांना त्याची बिदागी मिळत असे. मराठीत याच्या सगळ्यांत जवळ जाणारा शब्दप्रयोग 'हेल काढून रडणं' हा. खेड्यापाड्यांत गेलेल्या माणसाचे गुण एकेक आठवत, प्रत्येक ओळीच्या शेवटी सूर लांबवत रडणाऱ्या बायका ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना कीन समजावून सांगावं लागणार नाही. 'रडगाणं' हा शब्द फोडून पाहिला तर तोही कीनचं नेमकं वर्णन करतो, पण त्याचा आपण पार कुरकुरीचा अर्थ करून टाकला आहे. इंग्रजीने 'कीन'चं जे केलं तेही यापेक्षा फार वेगळं नाही. ते पुढे येईलच.

आयर्लंडमध्ये माणूस गेला की घरी रात्रभर जागरण असे. इंग्रजीत त्याला 'वेक' म्हणतात. देह धुऊन, स्वच्छ कपडे घालून टेबलावर नाहीतर खाटेवर ठेवायचा, आणि गावाने त्याला सोबत करायची. येणाऱ्याला तंबाखू, मातीचे पाइप, घरी गाळलेली दारू. रात्र सरावी म्हणून गोष्टी, कोडी, खेळ, कधी कधी चक्क दांडगाई. या सगळ्यात रडण्याला एक कडक नियम होता : देह नीट मांडून होईपर्यंत कुणी मोठ्याने रडायचं नाही. आधीच रडलं तर सैतानाचे कुत्रे जागे होतात आणि वाटेला लागलेल्या आत्म्याला गाठतात, अशी समजूत. म्हणजे शोक अनावर होण्याची वेळसुद्धा ठरलेली.

मग रडणारी बाई सुरू करी. तिला 'बॅन खींत्या' म्हणत. ती घरातलीच एखादी जाणती बाई असे किंवा मुद्दाम बोलावलेली, नावाजलेली. पैसे, दारू, तंबाखू असं काही तिला मिळे. तिच्या कीनचे साधारण तीन भाग पडत. आधी साद : मृताला नावाने, लाडाच्या नात्याने हाक. मग कहाणी : त्याचं घराणं, त्याचं रूप, त्याची दानत, घोड्यावर तो कसा दिसे, त्याच्या घरी पाहुण्याला काय वाढलं जाई. आणि शेवटी 'गॉल', म्हणजे आक्रोश. तिथे शब्द सुटत आणि 'ओखोन', 'उल्लुलू' असे नुसते लांबवलेले स्वर उरत. हा भाग जमलेल्या सगळ्या बायका मिळून उचलत. पुन्हा सगळं शांत, पुन्हा साद. बायका पुढे-मागे डुलत असत, टाळ्या वाजवत, केस मोकळे सोडत, शवपेटीवर हात आपटत. एक दमली की दुसरी सुरू करी, आणि दुसरी अनेकदा पहिलीला उत्तर देई.

रचना सोपी, पण सैल नव्हे. ओळ आखूड, तीत दोन किंवा तीन आघात, आणि एका कडव्यातल्या सगळ्या ओळींच्या शेवटी तोच स्वर. कडव्यात ओळी किती, याला बंधन नाही. या मोकळीकीमुळेच ऐनवेळी रचणं शक्य होई. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली संबोधनं आणि उपमा हाताशी असतच. जात्यावर बसलं की ओवी सुचते, तसं प्रेताशी बसलं की या बायकांना कीन सुचत असे.

आणि ओवीत जशी सासू येते, नवरा येतो, तशी इथेही सगळी येत. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं हा संकेत कीन करणाऱ्या बाईने पाळलाच पाहिजे असं नव्हतं. नवरा मारकुटा होता, सासर कंजूष होतं, दीर जमिनीवर टपला आहे, धर्मगुरू दक्षिणेशिवाय हलत नाही, हे सगळं भर बैठकीत, सुरात सांगता येई आणि तिला मधेच थांबवण्याची सोय नव्हती. अँजेला बर्क या आयरिश अभ्यासकांनी कीनच्या या बाजूवर फार चांगलं लिहिलं आहे. एरवी जिला चारचौघांत तोंड उघडता येत नाही तिच्या हाती त्या रात्रीपुरतं सगळं गाव येई. मला वाटतं, पुढे जे इतके लोक कीनच्या मागे हात धुऊन लागले त्याचं खरं कारण आवाज नव्हता. बायका बोलत काय होत्या, हे होतं.

आयरिश परंपरा या प्रथेचा उगम थेट देवतेपाशी नेते. मॉयटुराच्या लढाईची एक जुनी कथा आहे. तीत ब्रीग नावाच्या देवीचा मुलगा रुअदान हा शत्रूच्या लोहाराला मारायला जातो आणि स्वतःच मारला जातो. ब्रीग येते आणि मुलाच्या देहाशी किंचाळते, रडते. आयर्लंडमध्ये शोकाचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला तो तेव्हा, असं कथा सांगते. आणि तिथेच, एका वाक्यात, रात्री खूण करण्यासाठी शीळ घालण्याचा शोधही याच ब्रीगने लावला अशी नोंद करून मोकळी होते. कथाकारांना अशा याद्यांची भारी हौस.

इंग्रजी भयकथांमधून जगभर पोहोचलेली 'बॅन्शी' हीसुद्धा कीन करणारीच. 'बॅन शी' म्हणजे टेकडीतली, यक्षलोकातली बाई. जुन्या खानदानी घराण्यांत कुणी मरणार असेल तर आदल्या रात्री तिचा विलाप ऐकू येतो, अशी समजूत. ती कुणाला मारत नाही, घाबरवायलाही येत नाही. ती त्या घराण्याची अदृश्य रडणारी आहे, एवढंच. हॉलिवूडने तिची हडळ केली.

कीन म्हणजे काय हे एकाच उदाहरणावरून समजून घ्यायचं असेल तर १७७३ सालच्या कॉर्क परगण्यात जावं लागतं. तेव्हा आयर्लंडवर इंग्रजांचं राज्य होतं आणि कॅथलिकांना जखडून टाकणारे कायदे लागू होते. १६९५ पासूनच्या एका कायद्यानुसार कॅथलिक माणसाला पाच पौंडांहून जास्त किमतीचा घोडा बाळगता येत नसे. कुणीही प्रॉटेस्टंट माणूस त्याच्या हातावर पाच पौंड ठेवून तो घोडा घेऊन जाऊ शकत असे, मग घोडा कितीही मोलाचा असो. आर्ट ओ'लिअरी हा तरुण कॅथलिक ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी मारिया थेरेसाच्या सैन्यात कप्तान होता. तो गावी परतला तो झोकदार पोशाखात, तलवार लटकावून, उमद्या घोडीवर बसून. एब्राहम मॉरिस नावाच्या स्थानिक प्रॉटेस्टंट अधिकाऱ्याशी त्याचं बिनसलं. मॉरिसने पाच पौंड पुढे करून घोडी मागितली, असं परंपरा सांगते. शर्यतीत तिने मॉरिसच्या घोड्याला मागे टाकलं होतं म्हणे. आर्टने नकार दिला. त्याला फरारी ठरवण्यात आलं आणि ४ मे १७७३ रोजी कॅरिगानिमा गावाजवळ मॉरिसच्या शिपायांनी त्याला गोळी घातली. वय २६.

त्याची बायको आयलीन. लोक तिला 'आयलीन दुव' म्हणत. दुव म्हणजे काळी, काळ्याभोर केसांची. केरीमधल्या डेरीनेनच्या ओ'कॉनल या मातबर घराण्यातली ती मुलगी. पहिलं लग्न लहानपणी एका म्हाताऱ्याशी झालेलं, तो लवकरच गेला. मग घरच्यांचा विरोध पत्करून तिने आर्टशी लग्न केलं. आयरिश कॅथलिकांना हक्क मिळवून देणारा पुढचा मोठा नेता डॅनियल ओ'कॉनल हा तिचा भाचा. आर्ट मारला गेला तेव्हा तो जन्मायचा होता.

त्या दिवशी आर्टची घोडी लगाम लोळवत एकटीच घरी आली. खोगिरावर रक्त होतं. आयलीनने काही विचारलं नाही. ती घोडीवर बसली आणि घोडीने तिला जिथे तो पडला होता तिथे नेलं. एका झुडपाशी तो पडला होता आणि एक म्हातारी आपली शाल त्याच्यावर पांघरून जवळ बसली होती. आयलीनने त्याचं रक्त ओंजळीत घेऊन प्यायलं. हे सगळं आपल्याला इतक्या बारकाईने माहीत आहे, कारण ते तिच्या कीनमध्ये आहे. 'आर्ट ओ'लिअरीचा विलाप' या नावाने ते आज आयरिश साहित्यातलं एक श्रेष्ठ काव्य मानलं जातं. अठराव्या शतकात या सगळ्या बेटांवर मिळून जेवढी कविता लिहिली गेली तिच्यात हे काव्य सर्वांत मोठं, असा कौल पीटर लेव्ही या इंग्रज कवी-समीक्षकाने दिला होता. त्याच शतकात पोप, ग्रे, ब्लेक हे इंग्रज कवी होते, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या कौलाचं वजन कळतं.

या विलापात बाजारात आर्टला पहिल्यांदा पाहिल्याची आठवण आहे. लग्नानंतर त्याने घर कसं सजवलं त्याचं कौतुक आहे, मुलं बापाबद्दल विचारतील तेव्हा काय सांगू ही काळजी आहे. मॉरिसला शिव्याशाप आहेत. इथे न्याय मिळाला नाही तर समुद्र ओलांडून राजापाशी जाईन, त्यानेही ऐकलं नाही तर परत येऊन हिशेब चुकता करीन, अशी धमकीही आहे. आणि या सगळ्याच्या मधोमध एक भांडण आहे. आर्टची बहीण, म्हणजे आयलीनची नणंद, तिच्याच चालीत, तिच्याच छंदात उभी राहते आणि टोमणा मारते की नवऱ्याचं प्रेत घरात असताना ही बाई झोपायला गेली होती. आयलीन लगेच त्याच छंदात उत्तर देते : झोपायला नव्हे, पोरं घाबरली होती, त्यांना निजवायला गेले होते. प्रेताच्या दोन बाजूंना दोघी, मधे गाव, आणि वाद चालला आहे तो आखूड ओळींत, स्वर जुळवून. मला या काव्यात सगळ्यांत खरं काही वाटलं असेल तर ते हेच. नणंदेने आणखीही सुनावलं आहे. तिच्या भावाला याहून श्रीमंत मुली मिळत होत्या, असं.

खटल्याचं काय झालं? मृत्यूच्या चौकशीत मॉरिसवर खुनाचा ठपका आला, पण पुढे तो निर्दोष सुटला. आर्टच्या भावाने त्याच्यावर गोळी झाडली आणि देश सोडून पळाला. आर्ट किलक्रीच्या पडक्या मठात पुरला आहे. आयलीनचं पुढे काय झालं याची फारशी नोंद मागे उरली नाही. तिने आपलं कीन कागदावर कधी उतरवलं नाही. ते टिकलं दुसऱ्याच एका बाईमुळे. नोरी सिंगलटन ही कॉर्क भागातली कीन करणारी. तिला हा विलाप पाठ होता आणि एकोणिसाव्या शतकात तिच्या तोंडून तो उतरवून घेतला गेला. त्यामुळे अभ्यासकांत एक वाद आहे : हे काव्य आयलीनचं, की नोरीसारख्या अनेक बायकांच्या तोंडून घडत गेलेलं? माझ्यापुरतं बोलायचं तर नणंद-भावजयीचं ते भांडण कुणी मागाहून कल्पून घातलं असेल हे मला पटत नाही. पण नोरीचं नाव छापील पुस्तकांवर आयलीनच्या नावाखाली निदान बारीक अक्षरांत तरी यायला हवं होतं.

बायकांच्या अशा रडण्यावर बंदी घालण्याची खोड फार जुनी आहे. अथेन्सचा कायदेपंडित सोलोन याने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात अंत्ययात्रेत बायकांनी अंग ओरबाडण्यावर आणि रचून म्हटलेल्या विलापांवर बंधनं घातली. त्याचं कारण राजकीय असावं असं अभ्यासक मानतात. विलापातून सूड पेटतो, सुडातून घराणी एकमेकांच्या जिवावर उठतात. नगरराज्याला ते परवडणारं नव्हतं. आयलीनच्या धमक्या वाचल्यावर सोलोनची भीती अगदीच अनाठायी वाटत नाही. रोममध्ये इसवी सनापूर्वी ४५० च्या सुमारास बारा पाट्यांवर कोरलेल्या कायद्यात म्हटलं होतं की बायकांनी गाल ओरबाडू नयेत आणि अंत्यविधीत 'लेस्सुस' करू नये. गंमत पुढे आहे. चारशे वर्षांनी रोमन वक्ता सिसेरो हे कलम उद्धृत करतो तेव्हा 'लेस्सुस' म्हणजे काय हेच कुणाला नीट ठाऊक नव्हतं. जुन्या भाष्यकारांनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं की आम्हाला कळत नाही, बहुधा प्रेताच्या वेळी घालायचं एखादं वस्त्र असावं. एका पंडिताने म्हटलं, हा मोठ्याने केलेला विलाप. सिसेरोने दुसरा अर्थ स्वीकारला, कारण सोलोननेही नेमक्या त्याच गोष्टीला बंदी केली होती. बंदी इतकी यशस्वी की शब्दाचा अर्थसुद्धा पुसला गेला!

आयर्लंडमध्ये हे काम कॅथलिक चर्चने अंगावर घेतलं. सतराव्या शतकापासून एकामागून एक धर्मसभांनी कीनविरुद्ध फर्मानं काढली, विशेषतः पैसे घेऊन रडणाऱ्या बायकांविरुद्ध. युक्तिवाद असा की मृत माणूस पुन्हा उठणार यावर ज्याचा विश्वास आहे त्याने इतका आकांत करणं म्हणजे श्रद्धेचा अभाव. लोककथांत मात्र या झटापटीचे वेगळेच किस्से आहेत : धर्मगुरू चाबूक घेऊन रडणाऱ्या बाईला हाकलायला येतो, आणि ती त्याच चालीत त्याची अशी काही खरडपट्टी काढते की तो घोड्यावरून माघारी जातो. चर्चला एकच कीन चालत असे, आणि ते म्हणजे क्रुसाखाली उभ्या असलेल्या मेरीचं. 'तीन मेरींचा विलाप' हे आयरिश भक्तिगीत कॉनेमारात गुड फ्रायडेच्या सुमारास म्हटलं जातं, आणि त्याचं पालुपद तेच जुनं 'ओखोन'. म्हणजे आईने मुलासाठी केलेला आक्रोश मान्य, फक्त ती आई शेजारची नको.

कीन संपलं ते मात्र नुसत्या फर्मानांनी नव्हे. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्यावर करपा पडून जो दुष्काळ आला त्यात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. जिथे खड्ड्यात प्रेतं ढकलली जात होती तिथे कुठली रात्रीची जागरणं? जे उरले त्यांच्यातही आयरिश भाषा झपाट्याने मागे पडली. कीन हे आयरिशच्या स्वरांवर, तिच्या साठवणीतल्या संबोधनांवर उभं होतं. ते इंग्रजीत उचलून नेता आलं नाही. शिवाय इंग्रजी शिकलेल्या, सुस्थितीत आलेल्या घरांना गावच्या बाईचं असं मोकळे केस सोडून रडणं लाजिरवाणं वाटू लागलं. या काळात कीनला एक नवा प्रसंग मात्र मिळाला. मुलगा अमेरिकेला निघण्याच्या आदल्या रात्री घरी जागरण होई, त्याला 'अमेरिकन वेक'च म्हणत, आणि सकाळी आई त्या जिवंत मुलासाठी कीन करी. परतायची शक्यता नसल्यासारखीच होती, तेव्हा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही.

आणि नेमक्या याच उतरणीच्या काळात शब्द इंग्रजीत रुजत होता. कॉर्कमध्ये जन्मलेला थॉमस क्रॉफ्टन क्रोकर हा लंडनला आरमाराच्या कचेरीत कारकुनी करणारा माणूस. त्याने १८२४ साली दक्षिण आयर्लंडवर एक पुस्तक लिहिलं आणि १८४४ मध्ये तिथली कीन इंग्रजी भाषांतरात छापली. त्याच्यासारख्या संग्राहकांनी आणि प्रवासवर्णनकारांनी 'कीन' हा शब्द इंग्रजी वाचकांच्या कानावर घातला. पुढे नाटककार जॉन मिलिंग्टन सिंग याने अॅरन बेटांवर राहून लिहिलेल्या, १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात एका म्हातारीच्या दफनाचं वर्णन केलं. बायका आळीपाळीने पुढाकार घेत होत्या, बाकीच्या डुलत साथ देत होत्या. सिंगला त्यात एका म्हातारीच्या मरणाचं दुःख दिसलं नाही. वारा, समुद्र आणि नशीब यांच्याविरुद्धचा साऱ्या बेटाचा संताप त्याला ऐकू आला. १९०४ मध्ये डब्लिनला रंगमंचावर आलेल्या त्याच्या 'रायडर्स टू द सी' या एकांकिकेत कीन करत बायका आत येतात आणि तेव्हापासून इंग्रजी रंगभूमीलाही हा सूर माहीत झाला.

पण सिंगने काय ऐकलं ते पाहा. वारा, समुद्र, नशीब. भारलेलं वर्णन आहे, तरी त्यात बायका काय म्हणत होत्या हे मागे पडतं. आयरिश न येणाऱ्या बहुतेक श्रोत्यांच्या पदरात हेच पडलं : चढत जाणारा, थरथरणारा, अंगावर काटा आणणारा सूर. सिंगला निदान आयरिश येत होती. त्याच्या वाचकांना येत नव्हती. साद आणि कहाणी गळून गेली, राहिला तो 'गॉल'. इंग्रजी शब्दकोश आजही 'कीन'चा अर्थ देताना आयरिश शोकगीताचा उल्लेख करतात, पण कादंबऱ्यांत आणि वर्तमानपत्रांत तो शब्द भेटतो तो दुसऱ्याच ठिकाणी. तारांमधून वारा 'कीन' करतो, व्हायोलिन 'कीन' करतं, भोंगा 'कीन' करतो, साखळीला बांधलेला कुत्रा 'कीन' करतो. तीन भागांच्या एका काव्यप्रकाराचा एक उंच स्वर झाला.

ज्या प्रथेत शब्द आहेत तिला बाहेरचे लोक आवाज समजतात, हे काही एकट्या आयर्लंडचं नाही. तमिळनाडूतल्या 'ओप्पारी'त मृताचे गुण गाणाऱ्या ओळी असतात, मोबदला घेऊन त्या म्हणणारे असतात आणि साथीला 'परै' हा ढोल. राजस्थानातल्या रुदाली उरलेल्या देशाला समजल्या त्या महाश्वेता देवींच्या कथेवरून कल्पना लाजमी यांनी १९९३ साली केलेल्या चित्रपटामुळे. लक्षात राहतो तो भाड्याच्या अश्रूंचा चमत्कार. त्या बायका त्या वेळी काय बोलत, हे कुणी विचारत नाही.

सुदैवाने थोडी ध्वनिमुद्रणं आहेत. अमेरिकन संग्राहक अॅलन लोमॅक्स याने १९५१ मध्ये डोनेगलमधल्या किटी गॅलहर यांच्याकडून मेलेल्या मुलासाठीचं एक कीन मुद्रित केलं. सिडनी रॉबर्टसन काउएल या बाईंनी अॅरन बेटांवर केलेली मुद्रणं १९५७ मध्ये 'फोकवेज' या कंपनीने तबकडीवर काढली. ती सगळी आठवणीतून म्हणून दाखवलेली, समोर प्रेत नसताना. खऱ्या प्रसंगी यंत्र लावणं कुणाला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी ते शोभलं नसतं. त्यांत सूर किंचाळीकडे झुकत नाही, उलट बोलण्याच्या इतका जवळ राहतो की वाक्य कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही.

२०२० मध्ये डोरिन नी ग्रीफा या आयरिश कवयित्रीचं 'अ घोस्ट इन द थ्रोट' हे पुस्तक आलं आणि आयलीन दुव पुन्हा चर्चेत आली. लहान मुलं सांभाळता सांभाळता ही लेखिका आयलीनच्या आयुष्याचे धागे शोधत जुनी कागदपत्रं, पत्रं, नोंदी धुंडाळते. पुरुषांबद्दल पानंच्या पानं सापडतात, आयलीनबद्दल ओळी. पुस्तकाला जोडून तिने केलेलं त्या विलापाचं नवं इंग्रजी भाषांतर छापलं आहे. त्यात नणंदेचा टोमणा आहे, आयलीनचं उत्तर आहे आणि दोघींचाही आवाज स्पष्ट ऐकू येतो. पोरांना निजवायला गेल्याचा खुलासा करणाऱ्या त्या बाईसाठी इंग्रजीकडे आज जो शब्द आहे, तोच तारेवरच्या वाऱ्यासाठीही आहे.